सतरा नंबर, दोनदा दाबा

१९ सप्टेंबर, सोमवार

रिफअतला जाऊन आज आठवा दिवस. ही वही आजपासून. कोणी वाचायची नाही, कौसरनेसुद्धा नाही. मी फार बोलणारा नवरा नाही असं ती म्हणते. म्हणून कुठेतरी लिहिलेलं बरं.

शोकाचे तीन दिवस नीट पार पडले. एकच गोष्ट खटकली. बयूमी. रिफअतच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं पॉलिश मारलं, म्हणून घरच्या पुरुषांच्या रांगेत उभं राहायचं? तेही माझ्या शेजारी. लोक येत होते, त्याच्या गळ्यात पडून रडत होते आणि माझा हात जरासा हलवून पुढे जात होते. दोघांनी त्याला विचारलं, "हे कोण?" बयूमी म्हणाला, "हे सख्खे धाकटे भाऊ, वग्दीसाहेब. नोंदणी कचेरीत असतात."

माझ्या भावाच्या शोकसभेत माझी ओळख त्याने करून द्यायची!

फर्निचर बाजारात माझं जाणं कमी. नोकरीमुळे.

२१ सप्टेंबर, बुधवार

घरी येताना सहज बयूमीच्या दुकानावरून आलो. (वाट थोडी वाकडी होते.) दर्शनी काचेत खुर्ची. पाठीवर पेरूची फांदी, पाच पानं, चौथं पान कडेला किडीने खाल्लेलं. हे खाल्लेलं पान अख्ख्या दमिएत्ता शहरात एकच माणूस कोरायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "उस्ताद, एवढं देखणं काम आणि पान किडकं?" रिफअत म्हणायचा, "झाडाला विचारा."

खाली सोनेरी पट्टी: 'बयूमी खुर्ची'.

पॉलिशवाल्याची खुर्ची! माणूस मातीआड होऊन दहा दिवस नाहीत. आत गेलो नाही. गेलो असतो तर हात उचलला असता. बयूमी माझ्याहून वीतभर उंच आहे, पण त्याचा इथे संबंध नाही.

संकल्प. एक: चाळिसाव्या दिवसाच्या शोकसभेला, म्हणजे २१ ऑक्टोबरला, सगळा बाजार जमलेला असताना बयूमीची अब्रू काढणार. दोन: त्या खुर्चीवर रिफअतचं नाव लावून घेणार. तीन: तोपर्यंत कॉफीत साखर नाही. शोकाच्या घरी कॉफी कडूच देतात. मी ती चाळिसाव्यापर्यंत पिणार.

२५ सप्टेंबर, रविवार

सापडलं.

कारागीर संघाच्या वेबसाइटवर रिफअतच्या वर्कशॉपचं पेज अजून आहे. खाली लोकांचे अभिप्राय. नवा वर, जुना खाली, प्रत्येकाच्या डावीकडे नंबर. एकूण तेवीस. दोन वर्षांत एकही नवा नाही. हल्ली लोक फेसबुकवर लिहितात.

सतरा नंबर. आठ वर्षांपूर्वीचा. लिहिणारा, बयूमी. "खाल्लेलं पान रिफअतच्या हातचं. दुसऱ्या कोणाला जमणार नाही. मी फक्त पॉलिश मारतो."

मी उठून उभा राहिलो. आठवड्याचा पहिला दिवस, कचेरी भरलेली; शेजारच्या टेबलावरचा बिचारा कारकून, साहेब आले समजून, तोही उभा राहिला.

सोळा नंबर माझाच आहे. आमच्या मुलीच्या, नर्मीनच्या लग्नातल्या कपाटाबद्दल काहीतरी. साधंच. त्याच्याखाली बारीक अक्षरात 'एक उत्तर' असं आहे. ते दाबल्याशिवाय उघडत नाही. दाबलं नाही. असेल कोणाचं तरी फालतू.

२६ सप्टेंबर, सोमवार

कौसरला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, त्या ओळीचा फोटो काढा आणि पाठवा सगळ्यांना. झालं." बायकांना कागदपत्रांचं कळत नाही. फोटो म्हणजे नक्कल. अठ्ठावीस वर्षं मी नकला परत पाठवतो आहे. बयूमी म्हणेल, खोटा बनवलाय. मूळ नोंद मूळ जागी दाखवायला हवी. लोकांनी आपापल्या फोनवर दाबावं आणि थेट सतरा नंबरवर जाऊन उभं राहावं. आजूबाजूचं काही बघायचं काम नाही.

ती म्हणाली, "बयूमीने तुमचं काय वाईट केलंय?" कडू कॉफी प्यायलो. तिच्या समोर.

२८ सप्टेंबर, बुधवार

पहिला प्रयोग. कौसरला लिंक पाठवली. ती स्वयंपाकघरात होती. पाच मिनिटं आवाज नाही. जाऊन बघितलं तर ओट्याला टेकून रडत होती. लिंक सतरा नंबरवर गेलीच नव्हती. पेजच्या माथ्यावर उघडली, तिथे रिफअतचा फोटो आहे, कानावर पेन्सिल लावलेला. म्हणाली, "किती बारीक झाले होते हो शेवटी." हा फोटो शेवटचा नाही, जुना असावा. शेवटी तो कसा दिसत होता ते मला नक्की माहीत नाही. भेटीगाठी कमी व्हायच्या.

तांत्रिक माणूस गाठायला हवा.

२९ सप्टेंबर, गुरुवार

आमच्या कचेरीच्या संगणक विभागात इन्साफबाई आहेत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, पण त्यांच्याशिवाय तिथे पान हलत नाही. त्यांना विचारलं. कारण सांगितलं नाही. एक धार्मिक काम आहे म्हणालो.

त्यांनी दाखवलं. लिंकच्या शेवटी दोन उभ्या, दोन आडव्या रेघांची खूण घालायची आणि पुढे नंबर. मला फार आवडलं. प्लॉटची हद्द आखल्यासारखी खूण आहे ती. तिच्यापुढे सतरा. काय शोभतं!

त्या म्हणाल्या, "पण वग्दीभाऊ, हे पेज म्हणजे कपाटात ठेवलेली फाइल नाही हो. ताअमिया वड्यांच्या गाडीवर कसं, तयार काही नसतं, तुम्ही मागितल्यावर कढईत सोडतात. तसं हे मागाल तेव्हा तळून देतात. प्रत्येक वेळी नवा घाणा."

मी हसलो. बाई बुद्धिमान आहेत, पण नोंदणीतल्या नाहीत.

२ ऑक्टोबर, रविवार

लिंक नीट चालत नाही. दाबली की माथ्यावर रिफअतच उभा राहतो. मग परत दाबली तर सुरळीत सतरावर जाते. इन्साफबाईंना विचारलं. म्हणाल्या, "पेज आधी येतं, अभिप्राय मागून येतात. तुमची लिंक पाहुण्यासारखी लवकर पोचते, घर अजून बांधलेलंच नसतं. मग बसते उंबऱ्यावर. दुसऱ्यांदा येते तेव्हा घर जागेवर असतं."

उपाय मीच काढला. मेसेजमध्ये लिहायचं: 'दोनदा दाबा.' त्या म्हणाल्या, लोक एकदा दाबायला कंटाळतात. मी म्हटलं, दमिएत्तातले सुतार एकाच खिळ्यावर दोनदा मारायला कंटाळत नाहीत.

आज कॉफी कडूच. मुशब्बक खाल्लं, पण ते जिलेबीच्या जातीचं, कॉफीत पडत नाही. संकल्प कॉफीपुरता आहे.

४ ऑक्टोबर, मंगळवार

इन्साफबाई स्वतःहून टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, "रात्री डोक्यातून जाईना. वग्दीभाऊ, त्या सतरावर विसंबू नका. तो नंबर जागेचा आहे, माणसाचा नाही. वरून सतरावा एवढाच त्याचा अर्थ. रांगेत पुढे कोणी घुसलं की तुमचा माणूस अठरावा." प्रत्येक अभिप्रायाचा म्हणे आत लपवलेला एक कायमचा नंबर असतो, तो कधीच बदलत नाही. त्यांनी शोधून चिठ्ठीवर लिहून दिला. एक इंग्रजी अक्षर आणि सात आकडे.

मी आभार मानले. चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवली. वापरणार नाही. चाळिसाव्याच्या सभेत असला सात आकडी फोन नंबर कोणाच्या तोंडी बसेल? 'सतरा' कसं, हातोड्यासारखं पडतं. शिवाय तत्त्वाचा प्रश्न आहे. आमच्याकडे प्लॉटला एकदा नंबर पडला की पडला. मालक मरतो, नदी पात्र बदलते, प्लॉटचे दहा तुकडे होतात, तरी मूळ नंबर हलत नाही. नंबर हलायला लागले तर या देशात कोणी कोणाच्या घरात राहील?

५ ऑक्टोबर, बुधवार

दहा वेळा तपासलं. दहाही वेळा सतरावर बयूमी. त्याचं वाक्य आता पाठ झालंय. "मी फक्त पॉलिश मारतो." दाढी करताना म्हणतो. बरं वाटतं.

नर्मीनचं कपाट आठवलं. उशीर झाला होता, पण डाव्या दारावर पेरूची फांदी अशी कोरली आहे की बघणारा थांबतो. रिफअतचा हात मी अंधारात बोटांनी ओळखेन. असला हात पॉलिशवाल्याला सात जन्मांत येणार नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

काल मौलूद झाला. शोकामुळे यंदा घरी मिठाई नाही. कचेरीत सगळ्यांनी डबे उघडले. तिळाची वडी, चण्याची वडी, खोबऱ्याची. मी नको म्हटलं. मग वाटलं, पैगंबरांच्या जन्माची मिठाई नाकारणंही बरं नव्हे. चार वड्या. कॉफी जरा जास्तच कडू लागली म्हणून त्यात अर्धा चमचा. ती साखर वडीच्या हिशेबात धरली आहे.

१२ ऑक्टोबर, बुधवार

एक अडचण. बाजाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकशे चाळीस माणसं आहेत. मी नाही. मला कोणी घेतलेलं नाही. पण रिफअत आहे. त्याचा फोन सनिय्या वहिनींकडे.

संध्याकाळी वहिनींकडे गेलो. म्हटलं, लोकांना चाळिसाव्याचं कळवायला फोन हवा. त्यांनी काही न विचारता दिला. चार्जरसकट. मग म्हणाल्या, "भाऊजी, ऐकलं ते खरं का? त्या खुर्चीवरून काही काढणार आहात? नका काढू. त्यांच्या हाताचं..."

मी म्हटलं, "हाताचंच तर आहे वहिनी! त्यांच्या हातचं काम दुसऱ्याने विकायचं?"

त्या कपबशी उचलून आत गेल्या. पटलं त्यांना. निघताना म्हणाल्या, "एकदा वर्कशॉपवर येऊन जा. चार वर्षं झाली तुम्हाला." चाळिसावा होऊ दे, मग जाईन. विजयी होऊन जाईन.

चार वर्षं नसतील. साडेतीन.

१६ ऑक्टोबर, रविवार

बयूमी कचेरीत आला! सगळ्यांसमोर. म्हणाला, "वग्दीसाहेब, मशिदीशेजारचा हॉल ठरवलाय. असरच्या नमाजानंतर. कुराण पढायला चांगला माणूस मिळालाय. कॉफी, पाणी, खुर्च्या, सगळं माझ्याकडे. तुम्ही फक्त या."

तुम्ही फक्त या! पाहुणा आहे का मी?

आधी राग आला. मग विचार केला, बरंच झालं. आपल्या बेअब्रूची जागा तो स्वतः सजवतोय, खुर्च्याही स्वतः मांडतोय. मी म्हणालो, "जरूर येईन." असं काही म्हणालो की त्याला समजायला हवं होतं. त्याने माझा खांदा थोपटला आणि गेला. इन्साफबाई म्हणाल्या, "किती चांगला माणूस." मी फाइल उघडली.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

सभेतला क्रम कागदावर आखला. पढणारा पहिला भाग संपवून पाणी पितो तेव्हा सात-आठ मिनिटं मिळतात. तेव्हा मेसेज. एकशे चाळीस फोन वाजतील. दोनदा दाबतील. वाचतील. माना वर होतील. सगळे बयूमीकडे बघतील. तो माझ्याकडे बघेल. मी काही बोलणार नाही. फक्त कॉफीचा घोट घेईन. कडू.

कपबशी कोणत्या हातात धरायची ते ठरवतो आहे. कौसर म्हणाली, "आरशासमोर रिकामा कप घेऊन काय करताय?"

२० ऑक्टोबर, गुरुवार

शेवटची तपासणी. माझ्या फोनवर, कौसरच्या फोनवर, रिफअतच्या फोनवर. तिन्हीकडे सतरा, तिन्हीकडे बयूमी. दस्तऐवज पक्का.

मेसेज लिहून ठेवला: 'सत्य काय ते सर्वांनी स्वतः वाचावे. सतरा नंबर. दोनदा दाबा.' याहून एक शब्द जास्त नको.

सगळं झाल्यावर मात्र राहवलं नाही. आपल्या भावाच्या पेजवर दोन वर्षांत कोणी एक शब्द लिहू नये? माझा जुना पासवर्ड अजून चालतो. लिहिलं: "आमचे थोरले बंधू, हातांचे राजे, उस्ताद रिफअत यांच्या चाळिसाव्याला सर्वांनी यावे. शोकाकुल, आपला एकुलता एक भाऊ, वग्दी." लगेच सगळ्यात वर दिसलं. भारदस्त दिसतं.

परत तपासणार नव्हतोच. एकदा शिक्का मारलेला कागद पुन्हा तपासला की शिक्क्याचा अपमान होतो.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी

काळा सूट. रिफअतचा फोन पूर्ण चार्ज. भूक नाही. कौसरने विचारलं, "खरंच करणार?" मी म्हटलं, आज भावाला न्याय मिळेल. ती म्हणाली, "मग मी वहिनींजवळ बसते."

२१ ऑक्टोबर, संध्याकाळी

लिहायचं नव्हतं. पण मीच ठरवलं होतं की सगळं इथे लिहायचं.

हॉल भरला होता. पुढच्या रांगेत उस्ताद मितवल्ली, बाजारातले सगळ्यात म्हातारे कोरीवकामवाले, ज्यांच्या हाताखाली रिफअत शिकला. बयूमी दाराशी, येणाऱ्याला बसवत. पढणाऱ्याने पहिला भाग संपवला. ग्लास तोंडाला लावला. मी रिफअतच्या फोनवरून पाठवलं.

एकदम टिणटिण. मग एकेकाचा चेहरा पडायला लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की फोनवर पाठवणाऱ्याचं नाव येतं. चाळीस दिवसांपूर्वी पुरलेल्या माणसाने चालू सभेत मेसेज पाठवला होता. एक जण उठून उभा राहिला. कोणीतरी मोठ्याने कलमा म्हटला. मितवल्ली म्हणाले, "काय लिहितोय रिफअत? सांगा रे कोणीतरी, मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

"म्हणतोय सत्य वाचा. सतरा नंबर. दोनदा दाबा."

"मग दाबा की! त्याचं शेवटचं मागणं आहे."

सगळ्यांनी दाबलं. सगळ्यांनी दोनदा दाबलं. सुतार लोक, सांगितलेलं माप चुकवत नाहीत.

मी कप उचलला. डाव्या हातात.

माना वर झाल्या. बयूमीकडे कोणीच बघत नव्हतं.

मितवल्लींच्या शेजारच्याने त्यांना वाचून दाखवलं. हळू वाचत होता, पण हॉल इतका शांत होता की कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं. "रिफअत दिल्या शब्दाचा माणूस नाही. पुतणीच्या लग्नाचं कपाट सात महिने लटकवलं. मुलीच्या सासरी आमची मान खाली गेली. याच्याकडे काम देऊ नका. हे मी त्याचा सख्खा भाऊ असून लिहितो आहे. वग्दी, नोंदणी कचेरी."

माझंच होतं. काल मी वर एक लिहिलं, तेव्हा सगळे एकेक पायरी खाली उतरले. सोळाचा सतरा झाला. बयूमी अठराला जाऊन बसला.

मी म्हणालो, "हा नाही. याच्याखालचा. एक नंबर खाली सरका." एकाने खाली सरकवून बयूमीचं वाक्यही वाचलं. मितवल्ली म्हणाले, "त्यात काय नवीन? ते पान रिफअतचं, हे बाजारातल्या मांजरालाही माहीत आहे. वग्दी, तुलाच आज कळलं?" मग ते तिथूनच बयूमीला म्हणाले, "अरे, याला कोणी सांगितलं नाही का हातांचं?"

हातांचं मला कोणी सांगितलं नव्हतं. वहिनी सांगायला निघाल्या होत्या.

पाच वर्षांपूर्वी रिफअतचे हात थरथरायला लागले. आधी उजवा, मग दोन्ही. छिन्नी धरली की नाचायची. त्याने बयूमीला शेजारी बसवून पान शिकवलं, तासन्‌तास, वर्षभर. बयूमी म्हणत होता, खुर्चीवर तुमचं नाव टाकू. रिफअत म्हणाला, माझं नाव हवं तर माझा हात हवा, तू तुझं टाक. हे सगळं मितवल्लींनी खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं, मला एकट्याला सांगावं तसं. ऐकत सगळेच होते.

तो वाचणारा मग म्हणाला, "थांबा, याच्याखाली उत्तर पण उघडलंय. रिफअतचं आहे." लिंकने नेमक्या त्या जागी जाऊन ते आपोआप उघडलं होतं. एवढं एकच काम तिने नीट केलं.

"वग्दीचं खरं आहे. सात महिने लागले, लागायला नको होते. वग्दी, कपाटाचं डावं दार आतून बघ, खालच्या बिजागरीपाशी. बाहेरचं बयूमीने केलंय. आतलं माझं आहे. तिथे कोणाला दिसत नाही."

तारीख माझ्या अभिप्रायानंतर दोन दिवसांची.

बयूमी माझ्याकडे आला. वाटलं, आता मारेल. बरं झालं असतं. त्याने माझ्या हातातला कप काढून घेतला, कारण तो सांडत होता, आणि सगळ्यांना म्हणाला, "घरातलं बोलणं घरात. भावाभावांत होतंच. कॉफी फिरवा रे." मग मला रांगेत त्याच्या उजव्या हाताला उभं केलं. निघताना लोक त्याच्याशी हात मिळवून माझ्याही गळ्यात पडले. एकेक जण. सगळे. एकशे चाळीस माणसांनी मला माफ केलं. ते थांबवता येईना.

२२ ऑक्टोबर, शनिवार

रास अल-बरला गेलो, नर्मीनकडे. म्हटलं, कपाट बघायचंय. तिने काही विचारलं नाही. डावं दार उघडलं, हँगर बाजूला सरकवले. मी गुडघ्यावर बसलो.

बिजागरीपाशी एक पान. पेरूचं. वाकडं. शिरा बसमध्ये बसून सही केल्यासारख्या. छिन्नी दोन ठिकाणी निसटलेली. किडीने खाल्लेली कड नव्हती, पान अख्खं होतं. ती कड पाडायला हात स्थिर लागतो.

नर्मीन म्हणाली, "मला काकांनी लग्नाच्या दिवशीच सांगितलं होतं, बाबा. म्हणाले, तुझे बाबा स्वतः दार उघडतील तेव्हाच दाखव. तुम्ही या घरी येता, सोफ्यावर बसता, चहा पिऊन जाता."

बाहेरची फांदी बोटांनी चाचपली. रिफअतची म्हणून मी चार वर्षं ओळखली होती. उत्तम काम आहे बयूमीचं.

२३ ऑक्टोबर, रविवार

वहिनींना फोन परत केला. चार्जर घरी राहिला, उद्या नेऊन देतो.

कचेरीत इन्साफबाईंना म्हटलं, माझा जुना अभिप्राय काढून टाकायचाय. कायमचा. म्हणाल्या, "सोपं आहे, तुमचाच आहे. आत शिरा, कोपऱ्यात टोपलीचं चित्र आहे, दाबा." दाबलं. चौकट आली: 'हा अभिप्राय आणि त्याखालील उत्तर काढून टाकायचे?'

विचारलं, फक्त माझा नाही का निघणार? त्या म्हणाल्या, "उत्तर तुमच्यालाच टांगलेलं आहे ना, वग्दीभाऊ. खुंटी काढली की सदरा पडतो."

बराच वेळ चौकट तशीच होती. मग 'नाही' दाबलं.

चष्म्याच्या डबीतल्या चिठ्ठीवर बयूमीचा कायमचा नंबर होता. तिच्या मागच्या बाजूला इन्साफबाईंकडून माझाही लिहून घेतला. एक अक्षर, सात आकडे. हलणार नाही म्हणतात.

घरी येऊन माझ्या त्या नंबराने उघडून बघितलं. पहिल्यांदा दाबलं, माथ्यावर गेलो. रिफअत, कानावर पेन्सिल. खरंच बारीक झाला होता.

दुसऱ्यांदा अजून दाबलेलं नाही.